बारा ट्रेचा ड्रायर, आठ-नऊ महिन्यांनंतर: मशीन ठेवलं, जाळ्या बदलल्या

डाळिंबाच्या सालींचा अख्खा लॉट परत आला नसता तर मी हे लिहायला बसले नसते. नैसर्गिक रंगांचं काम करणाऱ्या एक ताई आमच्याकडून वाळलेल्या साली नेतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, तुरटीबरोबर वापरली की सुती कापडावर सुंदर पिवळा चढतो. या वेळी त्यांचं कापड मळकट शेवाळी निघालं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "सालींना कुठे लोखंड लागलंय का गं?" परत आलेलं पोतं उघडून मी साली दारातल्या उजेडात धरल्या. सालीच्या आतल्या बाजूला आमच्या साली वाळवायच्या ड्रायरच्या ट्रेच्या जाळीचे चौकोन उमटले होते, काळेकरडे, फूटपट्टीने आखल्यासारखे.

टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळं होतं. पूर्वी लिहायची शाईसुद्धा याच रसायनावर व्हायची. म्हणजे साल काही खोटं बोलत नव्हती. ट्रे बाहेर काढून पाहिले तर जाळीचे जोड, जिथे तारेला तार डागलेली असते, तिथे तांबूस ठिपके पडले होते. ओल्या फडक्याने पुसले, फडकं तपकिरी झालं.

मशीनचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण बारा ट्रेचा, पुढे काचेचं दार आणि मागे ब्लोअर असलेला हा ड्रायर तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, घ्यायला निघालेल्यांना तो ओळखता येईल. तापमान किती, टायमर कसा, हे सगळं जाहिरातीत आहेच, तेव्हा त्यात शिरत नाही. जाहिरातीत एक शब्द मात्र मोठ्या अक्षरांत आहे, 'फूड ग्रेड स्टेनलेस स्टील'. माझं सगळं भांडण त्या शब्दाशी आहे.

आधी काम सांगते, म्हणजे वापर किती आणि कसा ते कळेल. भांडुपला एका छोट्या गाळ्यात मी आणि माझ्या जाऊबाई मिळून हे करतो. स्टेशनच्या आसपासचे रसवाले आणि एक कॅटरर यांच्याकडून मोसंबी, संत्रं, अननस, डाळिंब यांच्या साली येतात. मोसंबीचा रस काढला की फळाचं जवळजवळ निम्मं वजन साल-चोथा म्हणून उरतं. ते सगळं रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत जायचं, आणि मुंबईचा बहुतेक कचरा कुठे जातो हे आम्हा भांडुपकरांना वेगळं सांगावं लागत नाही. कांजूरचं डम्पिंग ग्राउंड बाजूलाच आहे, वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ओला कचरा तिथे कुजण्यापेक्षा त्याचं काही व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. शिवाय साली फुकट मिळतात, आणि फुकट मिळणाऱ्या मालावर पोटापुरता धंदा उभा राहू शकतो हे मला पटलं होतं, अजूनही पटलेलं आहे. मोसंबी-संत्र्याच्या सालीची पूड उटण्यासाठी जाते, जाडसर दळलेली घासायच्या पावडरीत जाते, डाळिंबाची रंगवाल्यांकडे.

पहिले काही महिने मी या मशीनवर खूश होते. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे झाकून साडेचार तारे दिले असते. पातळ पट्ट्या केलेली मोसंबीची साल संध्याकाळी लावली की सकाळी कुडकुडीत. ५५ ते ६० अंशांवर रंगही टिकतो आणि गाळाभर सुगंध सुटतो. घाईघाईने ७५-८० वर नेलं तर साल वरून कडक होते, आत ओल अडकते आणि पूड तपकिरी पडते. हे सगळ्याच ड्रायरचं आहे, त्याबद्दल या मशीनला बोल लावत नाही.

विजेचं मात्र मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पाहिलं, कारण बिल पदरचं जातं. वेगळा सब-मीटर बसवून घेतला. दहा किलो ओली साल घेतली तर त्यात साधारण ऐंशी टक्के पाणी. वाळून सव्वादोन किलोच्या आसपास उरते, म्हणजे पावणेआठ लिटर पाणी उडवावं लागतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला शास्त्राप्रमाणे किमान ०.६५ युनिट लागतं, म्हणजे हिशेबाने पाचेक युनिट. माझा मीटर दहाच्या आसपास दाखवतो. बाकीची गरम हवा मागच्या झडपेतून आणि दाराच्या फटीतून जाते. या किमतीच्या मशीनला हे वाईट नाही. संत्र्या-मोसंबीच्या रसाचे मोठे कारखाने सालीला चुना लावून आधी दाबून पाणी काढतात आणि मग वाळवून गुरांचं खाद्य करतात. उटण्याच्या सालीला चुना चालणार नाही, पण तत्त्व खरं आहे: जे पाणी दाबून निघतं त्याला विजेचे पैसे पडत नाहीत. आम्ही साल हातदाबणीत पिळून, तासभर पंख्याखाली कापडावर पसरून मग लावतो. बिलात फरक दिसतो.

सोलर ड्रायरही पाहिला होता. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, शिकलेल्या तरुणांनी उभी केलेली एस फोर एस ही आपल्याकडचीच कंपनी. शेतावर वाया जाणारा माल सोलर ड्रायरने वाळवण्याच्या कामासाठी तिला २०२३चा अर्थशॉट हा पर्यावरणाच्या कामासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम नावाजण्यासारखंच आहे. पण तळमजल्याच्या गाळ्याला ऊन कुठून आणायचं, आणि जून ते सप्टेंबर काय करायचं? म्हणून विजेचा घेतला.

पावसाळ्याबद्दल माझं मत वापरता वापरता बदललं. सगळ्यांनी सांगितलं होतं की मुंबईच्या दमट हवेत जुलैमध्ये मशीन नुसतं फिरत राहील. तसं झालं नाही. कारण साधं आहे: बाहेरची २७ अंशांची, नव्वद टक्के दमट हवा आत जाऊन ६० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पंधरा-सोळा टक्क्यांवर येते, आणि ती साल मजेत सुकवते. थोडा वेळ जास्त लागतो, बास. घोडं अडतं ते साल बाहेर काढल्यावर. पूड हवेतलं पाणी इतक्या झपाट्याने ओढते की जेवायला उठलं तर परत येईपर्यंत गोळे. गरम पूड पिशवीत भरली तर आतच घाम धरतो. म्हणून ट्रेमधून थेट घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा पूर्ण गार झाल्यावर पिशव्या भरायच्या, आणि दळणं शक्यतो एसी असलेल्या खोलीत. ओल दहा टक्क्यांच्या खाली ठेवली तर पावसातला मालही टिकतो. पावसाळा जिंकल्याबद्दल मी या मशीनला मनातल्या मनात पाचवा तारा देऊन टाकला होता.

आणि मग ते पोतं परत आलं.

आता जाळ्यांविषयी, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही. फळांच्या साली आंबट असतात. सायट्रिक ॲसिड, ओल आणि उष्णता, तिन्ही एकत्र, रात्रभर, रोज. अशा कामाला ॲल्युमिनियमचे ट्रे चालत नाहीत, आंबटाने त्यांना खड्डे पडतात, आणि साधं स्टीलही चालत नाही. स्टेनलेस स्टीलचा ३०४ नंबरचा प्रकार लागतो. त्यात आठ ते साडेदहा टक्के निकेल असतं. बाजारात त्याच्यासारखंच चकचकीत दिसणारं २०२ मिळतं, त्यात निकेल चार ते सहा टक्केच, उरलेली भर मँगनीजची, म्हणून ते स्वस्त. मुंबईची खारी हवा आणि मोसंबीचा रस यांच्यापुढे २०२ टिकत नाही, आणि सुरुवात तारा डागलेल्या जोडांपासूनच होते.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. पहिलं उत्तर, "मॅडम, फळाचा डाग आहे, ट्रेचा नाही." मग मी एकाच डाळिंबाची अर्धी साल त्यांच्या जाळीवर आणि अर्धी घरच्या स्टीलच्या ताटात ठेवून, ते ताट त्याच मशीनमध्ये वाळवलं. ताटातली साल स्वच्छ पिवळी, जाळीवरची चौकोनी छापाची. फोटो पाठवले. दुसरं उत्तर, "तुम्ही मिठाच्या पाण्याने धुतलं असेल." आम्ही मिठाचं काहीही त्या ट्रेवर कधी ठेवलेलं नाही, कैऱ्यासुद्धा नाहीत. तिसरं उत्तर सगळ्यात संतापजनक: ट्रे म्हणजे झिजणारा भाग, वॉरंटीत येत नाही. अन्न ज्या एकाच भागाला टेकतं, त्यालाच वॉरंटी नाही, आणि काचेच्या दाराला दोन वर्षं!

शेवटी त्यांचा मेकॅनिक आला. पोरगा सभ्य होता, त्याच्यावर राग नाही. त्याने खिशातून लोहचुंबक काढला, जाळीला लावून दाखवला, चिकटला नाही. "बघा काकू, ओरिजिनल." ही परीक्षा कोणी दाखवली तर कृपा करून मान्य करू नका. २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, आणि उलट चांगल्या ३०४ची तार ओढून-वाकवून ताणलेली असेल तर तीच किंचित चिकटू शकते. चुंबकाने या दोघांतलं काहीच कळत नाही.

कळतं ते थेंबाने. कुंभारवाड्यात, दुर्गादेवी स्ट्रीटच्या स्टीलवाल्यांकडे ट्रे घेऊन गेले. तिथल्या एका वयस्कर शेठनी छोट्या बाटलीतलं औषध जाळीवर टाकलं आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली. थेंब बघता बघता लाल झाला. मँगनीज जास्त असलं की असा होतो. मग दुकानातल्या ३०४च्या पत्र्यावर टाकला, तिथे लाल झाला नाही. दोन मिनिटांचं काम. भंगारवाले रोज ही तपासणी करतात, आणि लाखाच्या घरातलं मशीन विकणाऱ्यांनी खरेदी करताना ती केली नाही की करून गप्प बसले, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी तिथूनच ३०४ची जाळी घेतली, मिलच्या सर्टिफिकेटसह, आणि फ्रेमवर टिग वेल्डिंगने ताणून घेतली. वेल्डिंगनंतर काळपट पट्टा राहतो तो पिकलिंग पेस्ट (स्टील साफ करायची ॲसिडची पेस्ट) लावून काढून घ्या, नाहीतर चांगल्या स्टीललाही तिथेच गंज धरतो. हे त्या शेठनीच सांगितलं, कारागीर आपणहून करत नाही. खर्च मशीनच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतका झाला. तो मला झोंबतो. जाऊबाई म्हणतात, झालं ते झालं, माल तर सुधारला. त्यांचं खरं आहे, नव्या जाळ्यांवरची डाळिंबाची साल रंगवाल्या ताईंनी परत घ्यायला सुरुवात केली. पण फूड ग्रेड म्हणून पैसे मोजल्यावर तेच पैसे दुसऱ्यांदा का मोजायचे?

बाकी गोष्टी पटकन. ब्लोअरचा आवाज पहिल्या महिन्यापासून आहे, सवय होते. डिस्प्ले आणि आतलं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक, वेगळा थर्मामीटर ठेवावा. झडप अर्ध्याहून कमी उघडू नका, आत वाफ कोंडली की साल शिजते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. अननसाची साल या ट्रेवर चिकटते, खाली सुती कापड घाला. आंब्याच्या सालीला हात लावताना हातमोजे घाला, चिकाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं.

आंब्याच्या कोयींसाठी मात्र हे मशीन मला फार आवडलं. मे महिन्यात आमरस करणाऱ्यांकडून बाठे आणले, धुऊन वाळवले, फोडून आतली कोय काढली. कोयीचं तेल गुणाने कोको बटरच्या जवळचं असतं, युरोपात चॉकलेटमध्ये ठरावीक प्रमाणात घालायला परवानगी असलेल्या सहा वनस्पतिजन्य मेदांत आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही आहे. तेल काढणं आमच्या आवाक्यातलं नाही. आम्ही कोयीच्या चकत्या पाणी बदलत भिजवून तुरटपणा घालवला, ५५ अंशांवर वाळवल्या आणि नंतर तुपावर परतून, मीठ-हिंग लावून मुखवास केला. मीठ वाळवल्यानंतर लावलं, ट्रेवर नाही. कोकणात कोकमाची सोलं वाळवून बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढणाऱ्या, फणसाच्या आठळ्या साठवून ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही. मुंबईत फक्त ऊन आणि अंगण नाही, ते काम हा डबा करतो, आणि चांगलं करतो.

म्हणून तारे: मशीनला चार, जाळ्यांना शून्य, सर्व्हिसला एक, तोही त्या पोराच्या वागण्यासाठी. घेणार असाल तर पैसे देण्याआधी बिलावर 'ट्रे व जाळी एसएस ३०४' असं लिहून घ्या. 'फूड ग्रेड' एवढ्यावर थांबू नका, आणि विकणारा लिहून देत नसेल तर ट्रेशिवायची किंमत विचारा. घासाघीस केली तर देतात, मला हे नंतर त्यांच्याच विक्रेत्याकडून कळलं. माझ्या बिलावर नुसतं 'ट्रे १२ नग' आहे. तरीही जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन सालींचे फोटो आणि लाल थेंबाचा व्हिडिओ जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर कंपनीचा एकदा फोन आला, अर्धे ट्रे बदलून देतो म्हणाले. मी बाराही मागितले आहेत, ३०४चे, सर्टिफिकेटसह.