रिसीव्हरची गिरणी बंद केली – नॉक्टुआचा १२० एमएम फॅन, वापरून बघितलेला

आधी दुखणं सांगतो. हॉलमध्ये सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट आहे, मधल्या कप्प्यात एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज मोठा करून स्पीकरना देणारा अ‍ॅम्प्लिफायर), पुढे काचेचं दार, मागे प्लाय, दिसायला एकदम झकास. पण अ‍ॅम्प म्हणजे शेवटी गाणारी इस्त्रीच, आणि ती आपण कपाटात कोंडलेली. पिक्चर सुरू होऊन पाऊण तास झाला की रिसीव्हरच्या पोटातला बारका फॅन चालू व्हायचा, चिंईंई करत. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात कळायचंही नाही, पण पोरगी झोपल्यावर रात्री आवाज बारीक ठेवून काही बघायला बसलं की संवाद कमी आणि फॅनच जास्त. एकदा बाबा शास्त्रीय गाण्याचं रेकॉर्डिंग लावून बसले होते, विलंबित चाललेलं, मागे दोन तंबोरे छान लागलेले आणि त्यात हा आमचा तिसरा, भलत्याच स्वरात. "अरे ती गिरणी बंद कर आधी" म्हणाले आणि उठून आत गेले.

मग मी काय केलं तर अतिशहाणपणा केला. आवाज बाहेर येतोय ना, मग अडवू, म्हणून कप्प्याला आतून सगळीकडे फोम चिकटवला. दोन दिवस खूश होतो, तिसऱ्या दिवशी अर्ध्या पिक्चरला रिसीव्हर स्वतःच बंद पडला, झाकणावर हात ठेवला तर चटका बसला. आतला फॅन गरम झाल्यावरच ओरडतो, आणि मी त्या बिचाऱ्याला गोधडी गुंडाळली होती. फोम काढला, त्याच्या गोंदाचे डाग अजून सनमायकावर आहेत.

शेवटी नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ घेतला, एफएलएक्स वाला, म्हणजे तीन पिनचा, व्होल्टेज कमी केलं की वेग कमी होणारा. ऑस्ट्रियाची कंपनी आहे, कॉम्प्युटरवाल्यांना नाव माहीत असेलच. साध्या फॅनपेक्षा कितीतरी महाग आहे, त्यामुळे मी महिनाभर कार्टमध्येच ठेवला होता. रंग चॉकलेटी आणि बिस्किटी, बायको म्हणाली हा फॅन आहे का पार्ले-जीचा पुडा. दारामागे जाणार म्हटल्यावर परवानगी मिळाली. बॉक्समध्ये रबराच्या खुंट्या येतात त्या फेकू नका, फॅन थेट लाकडावर स्क्रूने आवळला तर अख्खं युनिट घुमतं, रबरावर राहिला तर नाही.

आता खरी गंमत. हा फॅन १२ व्होल्टचा, पूर्ण वेगात मिनिटाला २००० फेरे मारतो, आणि आपल्याला तेवढे नकोच आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका छोट्या दुकानात गेलो, काकांना म्हटलं याला यूएसबीची वायर जोडून द्या, ५ व्होल्टवर चालवायचाय. काकांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले "पळायचा नाही, चालेल." अगदी तेच हवं होतं! दहा मिनिटांत सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून दिली, चहाच्या पैशात काम. वेग निम्मा केला की फॅनचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि इथे तर निम्म्याहूनही कमी वेग आहे. मोठं पातं सावकाश फिरूनही बरीच हवा हलवतं, बारक्या फॅनला तेवढ्याच हवेसाठी जिवाच्या आकांताने पळावं लागतं, ती चिंईंई तिथूनच येते.

यूएसबी रिसीव्हरच्याच पोर्टला लावली, म्हणजे रिसीव्हर चालू की फॅन चालू, वेगळं बटण नाही. ठेवला झाकणाच्या जाळीवर, जिथे सगळ्यात जास्त गरम लागतं तिथे. पहिल्यांदा उलटा ठेवला होता मी, गरम हवा परत आत ढकलत होता. ज्या बाजूला स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते, म्हणजे स्टिकर वर पाहिजे. आणि सुताराला बोलावून मागच्या प्लायला वरच्या अंगाला दोन भोकं पाडून घेतली, खालच्या अंगालाही दोन. खालची कशाला म्हणून तो वाद घालत होता, पण गार हवा आत यायला वाट नसेल तर वरून जाणार काय.

निकाल असा की आता तीन तासांचा पिक्चर झाला तरी झाकण कोमट, आणि आतला फॅन चालू झालेला मी दोन महिन्यांत एकदाही ऐकला नाही. नॉक्टुआचा स्वतःचा आवाज येतो का? दार उघडून कान नेला तर हलकीशी फुंकर, सोफ्यावर काही नाही. उन्हाळ्यात काय होतंय ते बघायचंय अजून.

एक उपकथा. मामाच्या घरी प्रोजेक्टर आहे, तो पहिल्या दिवसापासून मिक्सरसारखा. मामाही हश बॉक्स, म्हणजे आवाज अडवायला प्रोजेक्टरभोवती खोकं, वगैरे करायच्या बेतात होता, मी म्हटलं थांब. मेनूत जाऊन बघितलं तर हाय अल्टिट्यूड मोड ऑन. बसवून देणाऱ्या माणसाने तसाच ठेवून दिलेला. हा मोड साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो, म्हणून फॅन जोरात पळवतो. कळसूबाई १६४६ मीटर आणि पुणे साधारण ५६०, म्हणजे आपल्याकडे शिखरावर जाऊन पिक्चर लावणार असाल तरच लागेल. ऑफ केला, दिवा मंद करणारा इको मोड लावला, शून्य रुपये खर्च. मामाने मिसळ खिलवली.

फॅन घ्या, पैसे वसूल आहेत. फक्त मागच्या भोकांना आठवणीने जाळी लावा. मी लावली नव्हती आणि एका रात्री रिसीव्हरच्या ऊबेला पाल येऊन बसली, मग आमच्याकडे जो आवाज झाला त्यावर नॉक्टुआकडे काही इलाज नाही. मच्छरदाणीची बारीक जाळी मात्र नको, धुळीने आठवड्यात बुजते, थोड्या मोकळ्या विणीची बघा.