केलीचं नाटक की नुसती केली?

एडिंबरा किंवा ग्लासगोमध्ये एकच संध्याकाळ हाताशी आहे आणि स्कॉटिश नाच नुसता बघायचा नाही, करायचाही आहे, अशांसमोर दोन वाटा असतात. पहिली म्हणजे केलीभोवती, म्हणजे स्कॉटिश लोकांच्या सामूहिक नाचगाण्याच्या मैफलीभोवती, रचलेलं संगीत नाटक. त्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळं नसतं, नट तुमच्यामधूनच वावरतात आणि अधूनमधून हात धरून तुम्हाला रिंगणात ओढतात. दुसरी म्हणजे साधी सार्वजनिक केली: एक हॉल, अ‍ॅकॉर्डियन, फिडल आणि ड्रमचा बँड, आणि माइकवरून पावलं सांगणारा ‘कॉलर’. ग्लासगोच्या ‘स्लोन्स’ या पबमधली शुक्रवारची केली त्यातली एक जुनी ओळखीची. तिकीट, वेळ वगैरे ज्याचं त्याने पाहावं.

नाटकाची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत केली म्हणजे मुळात एकमेकांकडे जाऊन बसणं, गाणी आणि गोष्टी. नाच हा त्यातला एक भाग. त्या अर्थाने कथा सांगणारा प्रयोग जुन्या केलीच्या जास्त जवळ जातो, आणि स्कॉटिश रंगभूमीला हा साचा नवा नाही. ७:८४ या नाटक मंडळीने १९७३ साली हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गावोगावच्या हॉलमध्ये ‘द चेव्हियट, द स्टॅग अँड द ब्लॅक, ब्लॅक ऑइल’ केलं, ते केलीच्याच धाटणीत. २०११ मध्ये नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंडने ‘द स्ट्रेंज अनडूइंग ऑफ प्रुडेन्शिया हार्ट’ चक्क पबमध्ये आणलं. तिथे प्रेक्षकांनी कागदी रुमाल फाडून त्याचा बर्फ उडवायचा असतो. ‘द चेव्हियट’बद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: गावकऱ्यांचा नाच प्रयोग संपल्यावर व्हायचा. आधी नाटक, मग खुर्च्या बाजूला, मग बँड. दोघांनी एकमेकांच्या पायात पाय घातला नाही.

आजच्या ‘तुम्हीही सामील व्हा’ छापाच्या प्रयोगांत माझं अडतं ते नेमकं इथे. नाच मध्येच तोडतात.

हे किरकोळ वाटेल, म्हणून ‘गे गॉर्डन्स’ हा नाच घेऊ. जोडीदार शेजारी शेजारी, रिंगण घड्याळाच्या उलट दिशेने. चार पावलं पुढे, हात न सोडता जागच्या जागी वळायचं, आणि प्रवासाची दिशा तीच ठेवून चार पावलं मागे मागे. मग हाच प्रकार विरुद्ध दिशेने. त्यानंतर चार बार (बार म्हणजे संगीतातल्या ठोक्यांचा एक छोटा गट) एकाने दुसऱ्याच्या हाताखालून फिरायचं, चार बार दोघांनी मिळून पोल्का, म्हणजे उडत्या पावलांच्या गिरक्या. एकूण सोळा बार, म्हणजे साधारण सतरा सेकंदांचं एक आवर्तन. नवखा माणूस वळला की नाक असेल त्या बाजूला चालू लागतो आणि मागून येणाऱ्या जोडीवर आदळतो. पहिलं आवर्तन यातच जातं. दुसऱ्यात पावलं मोजायची, तिसऱ्यात मोजणं सुटतं, आणि चौथ्यात कुठे मान वर करून जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहता येतं. खरी मजा त्या चौथ्यापासून पुढे. हॉलमधला बँड आठ-दहा आवर्तनं सहज वाजवतो. नाटकात मात्र दुसऱ्या-तिसऱ्यालाच दिवे बदलतात, कोणीतरी टेबलावर चढून मन मोकळं करू लागतं, आणि तुम्ही धापा टाकत, अर्धवट शिकलेल्या पायांनी कोपऱ्यात. दिग्दर्शकाचा इलाज नसतो म्हणा, त्याला कथा पुढे न्यायची असते.

‘स्ट्रिप द विलो’ या नाचात हा फरक आणखी जाणवतो. नियम एकच: जोडीदाराला उजवं कोपर, बाकी सगळ्यांना डावं. रांगेतून उतरत जाताना प्रत्येक अनोळखी माणसानंतर पुन्हा जोडीदार. चूक होते ती हात सोडायला उशीर केल्यामुळे. गिरकी अर्धा ठोका आधी सोडली तरच पुढचं कोपर वेळेवर सापडतं. खांद्याने ओढू नये, शरीराचं वजन किंचित मागे टाकावं. फुगडी घातलेल्यांना हे सांगायला नको, तोल सांभाळायची युक्ती तीच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांच्या पद्धतीत दोन लांबलचक रांगा असतात आणि वरची जोडी थोडी खाली सरकली की पुढची जोडी निघते, त्यामुळे एकाच वेळी चार-पाच जोड्या फिरत असतात. वीस जोड्यांची रांग संपायला वेळ लागतो, आणि तो वेळ नाटकाकडे बहुधा नसतो. तिथे चार जोड्यांच्या छोट्या प्रकारावर भागवतात. रांगेत सगळ्यात वर मात्र उभं राहू नका. पाच-सहा जोड्या जाताना पाहिल्या की अर्धं काम झालेलं असतं.

एकट्याने जाणाऱ्यांची भीती वेगळी असते, जोडीदार नाही. पण ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ तिघांच्या ओळीत होतो. समोरासमोर दोन ओळी, सहाजणांचा गोल डावीकडे आणि परत, मधल्याने आधी उजव्या, मग डाव्या जोडीदाराला फिरवायचं, तिघांनी इंग्रजी आठाच्या आकारात चालायचं, शेवटी पुढे-मागे होऊन एका ओळीने हातांच्या कमानीखालून दुसरीला ओलांडायचं. बत्तीस बार झाले की समोर नवे तिघे. आठ आवर्तनांत चोवीस अनोळखी चेहरे. नाटकात त्यांतले काही नट निघतात. ते अचूक नाचतात, तुम्हाला सावरतात, पण सावरताना भूमिकेतही असतात. हॉलमध्ये चुकलात तर समोरची आजीबाई सरळ दंड धरून योग्य दिशेला ढकलते. मला तेच बरं वाटतं.

गुडघे दुखत असतील, बरोबर नाचायला नाखूश माणूस असेल किंवा लाज सुटत नसेल, तर नाटकाचं तिकीट काढायला हरकत नाही. एका जागी बसूनही तिथे संध्याकाळ भरून निघते. हॉलमध्ये रात्री उशिरा, दोन-चार पेले रिचवलेल्यांच्या गिरक्या जरा जोरातच लागतात, हेही मान्य करायला हवं. दंडावर निळे डाग घेऊन परतण्याची तयारी ठेवावी.

केली ठरलीच तर पहिल्या तासात पोचा. कॉलर तेव्हा संगीताशिवाय चालून दाखवतो, नंतर घाई होते. बूट सपाट हवेत आणि तळवा थोडा घसरणारा. रबराच्या जाड तळव्याने गिरकीत गुडघा पिळवटतो, टाचा तर नकोच. ‘एटसम रील’ हा आठजणांचा नाच लागला की पाणी प्यायला जा. तो ४६४ बारांचा आहे, सात-आठ मिनिटं चालतो, आणि प्रत्येकाची मधे उभं राहायची पाळी येते. ‘सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ’ला मात्र बसू नका, त्यात चुकायला फारसं काही नाही. आणि दोन संध्याकाळी मिळत असतील तर केली आधी, नाटक नंतर. पावलं पायात आधीच असली की नाटकातली ती दोन आवर्तनं निदान पहिल्या ठोक्यापासून तुमची होतात.