वेब चेकइन केलं म्हणून निवांत राहू नका

मागच्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून नागपूरला गेले, एअरलाईनचं नाव घेत नाही पण तिकीट सगळ्यात स्वस्त होतं. वेब चेकइन आदल्या दिवशीच घरी बसून केलं, ते खरंच मस्त आहे, पाच मिनिटांत बोर्डिंग पास मोबाईलवर. फक्त सीट निवडायच्या पानावर घाई करू नका, तिथे सगळ्या सीटांवर पैसे दिसतात पण खाली बारीक अक्षरात 'स्किप' असतं, ते दाबलं की फुकट सीट मिळते, आम्हाला मात्र वेगवेगळ्या रांगेत मिळाली आणि आई जरा घाबरली.

खरी पंचाईत बॅगेची झाली. वेब चेकइन झालं तरी मोठी बॅग काउंटरवरच द्यावी लागते आणि काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो, आम्ही विमाननगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, लोहगाव विमानतळावर पोचलो तेव्हा 64 मिनिटं उरलेली! बॅग ड्रॉपच्या रांगेत पुढे चौदा माणसं. काउंटरवरच्या मुलीने नागपूरवाल्यांना आवाज देऊन पुढे घेतलं, तिचे मनापासून आभार.

हातातली बॅग 7 किलोच्या आत असेल तर वेब चेकइनला पाचपैकी पाच, मोठी बॅग असेल तर दोन तास आधी 'निघा' नाही, 'पोचा'.