माशाच्या तेलाच्या कॅप्सूल: पुढे १०००, आत ३००

बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘फिश ऑइल १००० मि.ग्रॅ.’ असं छापलंय. आकडा खोटा नाही, एका कॅप्सूलमध्ये तेवढं तेल खरंच आहे. पण ही कॅप्सूल आपण घेतो ती ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ मेदाम्लांसाठी. ती किती आहेत, याचा पुढच्या बाजूला पत्ताच नाही. बाटली फिरवावी लागते.

मागच्या तक्त्याची पहिलीच ओळ आहे ‘सर्व्हिंग साइज: २ कॅप्सूल’. ही ओळ नजरेतून सुटली की पुढचे सगळे आकडे दुप्पट वाटतात. दोन कॅप्सूलमध्ये तेल २००० मि.ग्रॅ., एकूण ओमेगा-३ ६६०, त्यात ईपीए ३६० आणि डीएचए २४०. आपल्या कामाचे शेवटचे दोन आकडे. त्यांची बेरीज ६००, म्हणजे एका कॅप्सूलमागे ३००. ‘एकूण ओमेगा-३’मधले उरलेले ६० मि.ग्रॅ. इतर प्रकारांचे आहेत, ते हिशेबात धरू नयेत. १८ टक्के ईपीए आणि १२ टक्के डीएचए हे साध्या, संहत न केलेल्या (म्हणजे ईपीए-डीएचएचं प्रमाण मुद्दाम न वाढवलेल्या) तेलाचं नेहमीचं प्रमाण आहे, त्यामुळे मालात खोट आहे असं म्हणता येत नाही. तक्रार आहे ती पुढच्या बाजूच्या मांडणीबद्दल.

ही तक्रार क्षुल्लक का नाही, ते दाव्यांकडे पाहिलं की कळतं. ‘हृदयाच्या सामान्य कार्यास साहाय्यक’ हा दावा करायला युरोपीय संघाच्या नियमांत रोज २५० मि.ग्रॅ. ईपीए-डीएचए पुरतं, आणि ते इथे एका कॅप्सूलमध्येच मिळतं. पण त्याच नियमांत रक्तातल्या ट्रायग्लिसराइड या मेदाबद्दलच्या दाव्याला रोज २ ग्रॅम लागतात आणि रक्तदाबाच्या दाव्याला ३. या बाटलीतून २ ग्रॅम मिळवायचे तर दिवसाला सात कॅप्सूल घ्याव्या लागतील. ६० कॅप्सूलची बाटली नऊ दिवसही पुरणार नाही, आणि लेबल तर दोनच्या वर जाऊ नका म्हणतं. ट्रायग्लिसराइड खाली आणायच्या आशेने हे घेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागणार नाही, आणि मनाने डोस वाढवणं तर त्याहून वाईट. हृदयविकाराच्या किंवा त्याचा धोका असलेल्या रुग्णांत, विशेषतः रोज ४ ग्रॅमच्या मात्रेला, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलंय.

किमतीची तुलनाही कॅप्सूलच्या संख्येवर करू नका. या बाटलीत एकूण ईपीए-डीएचए १८ ग्रॅम (६० गुणिले ३००) आहे. किमतीला १८ने भागा, दुसऱ्या बाटलीचा भाव असाच काढा, मग ठरवा. महाग वाटणारं संहत तेल या हिशेबात बऱ्याचदा स्वस्त पडतं.

टक्केवारीच्या रकान्यात ईपीए-डीएचएसमोर फक्त तारांकित खूण आहे. तो दोष नाही, त्यांच्यासाठी दैनंदिन प्रमाण ठरलेलंच नसतं. घटकांच्या यादीत अँचोव्ही आणि सार्डिन ही माशांची नावं दिली आहेत, तेल टिकावं म्हणून घातलेलं ई जीवनसत्त्व नोंदवलंय, माशाच्या ॲलर्जीची सूचना वेगळ्या ओळीत आहे. हे उत्तम. कवचापुढे मात्र नुसतं ‘जिलेटिन’. ते कोणत्या प्राण्याचं हे अनेकांना कळायलाच हवं. तेल ट्रायग्लिसराइड या नैसर्गिक रूपात आहे की इथाइल एस्टर या प्रक्रिया केलेल्या रूपात, तेही लिहिलेलं नाही. इथाइल एस्टर कमी स्निग्ध जेवणासोबत नीट शोषलं जात नाही, म्हणून माहिती नसेल तेव्हा कॅप्सूल तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच घ्यावी.

सर्वांत मोठी उणीव ताजेपणाबाबत आहे. हे तेल हवा, उष्णता आणि उजेडाने लवकर खवट होतं, आणि बाटली पारदर्शक आहे! मुदतीची तारीख बंद बाटलीसाठी असते, उघडल्यावर किती दिवसांत संपवायची याचा उल्लेख नाही. कंपनीकडे त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागावा. त्यात तेल किती खवट झालंय हे सांगणारे तीन आकडे बघावेत: पेरॉक्साइड मूल्य ५च्या आत, ॲनिसिडिन २०च्या आत आणि टोटॉक्स, म्हणजे पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन, २६च्या आत असावं. बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला नाही तर तो अहवाल निरुपयोगी. घरी एक कॅप्सूल कापून वास घ्यावा. उग्र, जुन्या रंगासारखा वास आला तर बाटली परत करा. लिंबाच्या स्वादाच्या कॅप्सूलमध्ये मात्र हा वास झाकला जातो.

‘प्रयोगशाळेत तपासलेले’ असा शिक्काही आहे, पण प्रयोगशाळेचं नाव नाही, म्हणून त्याला आम्ही शून्य गुण देतो. यूएसपी किंवा एनएसएफ या स्वतंत्र तपासणी करणाऱ्या संस्थांचं चिन्ह असतं तर लेबलवर लिहिलेलं बाटलीत आहे याची खात्री तरी मिळाली असती. गुण येतो का, हे तीही चिन्हं सांगत नाहीत.

रोज एक-दोन कॅप्सूलपुरतं घेणाऱ्याला, ताजेपणाचा अहवाल मिळाला तर, हे उत्पादन चालण्यासारखं आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ती सूचना लेबलवर आहे, पण चिकटवलेल्या कडेखाली, सगळ्यात बारीक टायपात.