रिव्हेटचा जोड: ताठ, स्प्रिंग की सॉलिड?

विमानाच्या सांगाड्याचं संगणकावर मॉडेल करताना तो छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये विभागतात. पत्रे शेल (पातळ पापुद्र्यासारख्या) एलिमेंटने भागतात. घोडं अडतं ते पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटपाशी. एक साधा लॅप जोड (एकावर एक चढवलेल्या पत्र्यांचा) घ्या. 2 मिमीचे दोन अॅल्युमिनियमचे पत्रे, 4.8 मिमी व्यासाच्या अॅल्युमिनियम रिव्हेटच्या तीन ओळी, रिव्हेटमधलं आणि ओळींमधलं अंतर 25 मिमी.

रिव्हेटच्या जागी रिजिड एलिमेंट, म्हणजे अजिबात न वाकणारा ताठ दुवा टाकला की काम झटपट होतं. पण मग हिशेब सांगतो की बाहेरच्या दोन ओळी निम्मा-निम्मा भार उचलतात आणि मधली रिकामटेकडी बसते. खरा रिव्हेट वाकतो, भोकही किंचित लांबतं, म्हणून भार वाटला जातो. अख्ख्या पंखाची कंपनं काढायला रिजिड चालेल. थकव्याच्या (वारंवार भार येऊन तडे जाण्याच्या) हिशेबाला अजिबात नको.

दुसरा पर्याय स्प्रिंग एलिमेंट, म्हणजे लवचीक दुवा. त्याला स्टिफनेस (ताठरपणा) कुठून आणायचा? हूथ या संशोधकाच्या 1986च्या सूत्राने इथे मिमीला सुमारे 31,000 न्यूटन येतो, स्विफ्टच्या सूत्राने 39,000. पाव हिश्शाची तफावत बघून टीममध्ये वाद पेटतो. पण भारवाटप काढून बघा: बाहेरची ओळ हूथने 35.4 टक्के घेते, स्विफ्टने 35.9. वाद चहाच्या सुट्टीत घाला. त्यापेक्षा मेशकडे (एलिमेंटच्या जाळीकडे) लक्ष द्या: स्प्रिंग एकाच नोडला (जाळीतल्या बिंदूला) बांधून मेश फार बारीक केली, तर नोडभोवतीचा पत्रा खोटा मऊपणा मिसळतो.

तिसरा पर्याय सॉलिड आणि कॉन्टॅक्ट मॉडेल: रिव्हेट आणि पत्रे पूर्ण त्रिमितीत, एकमेकांना टेकणारे. त्यात भोकाच्या काठाचा ताण, काउंटरसिंक (रिव्हेटचं डोकं बसायला केलेला उतरता खळगा), घर्षण सगळं दिसतं. मात्र रिव्हेट किती दाबाने बसवला आणि भोकात किती घट्ट बसला, हे शॉपफ्लोअरवरून मोजून यायला हवं. ते अंदाजाने भरलं, तर तासन् तास मशीन चालवून अंदाजच हाती येतो. स्प्रिंगच्या मॉडेलने सर्वांत जास्त भाराचं भोक शोधा आणि तेवढ्याच भागाचं सॉलिड मॉडेल करा.

28 एप्रिल 1988ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737चं वरचं आवरण उडालं. तिथे पत्र्यांमधली चिकटवण सुटली होती, तिच्या वाट्याचा भार रिव्हेटवर आला आणि वरच्या ओळीतल्या भोकांपासून तडे गेले. चिकटवलेला जोड असेल, तर स्प्रिंगचं मॉडेल दोनदा चालवा: एकदा चिकटवण शाबूत धरून, एकदा ती गेली असं समजून.