बोलण्याची कार्डं: दोन गठ्ठे उत्तम, एक भरताड

इंग्रजीच्या तासाला जोड्या लावून बोलायला सांगितलं की पोरं ‘येस’, ‘नो’वर आटोपतात. म्हणून हा वाक्प्रयोगांच्या कार्डांचा संच घेतला. सगळ्यात कामाचा गठ्ठा अडल्यावर वेळ मागून घेण्याचा: ‘लेट मी थिंक’, ‘कुड यू से दॅट अगेन?’, ‘व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ अडलेलं पोर आता खाली मान घालत नाही. कार्डाकडे बघून समोरच्यालाच उलट विचारतं. मतभेदाचा गठ्ठाही झकास. ‘आय सी युवर पॉइंट, बट...’ म्हटलं की पुढे काहीतरी बोलावंच लागतं! वाक्प्रचारांचा गठ्ठा मात्र निव्वळ भरताड. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हल्ली बोलतं कोण? अक्षर फार बारीक, त्यामुळे निवडक वाक्यं मी फळ्यावर ठळक लिहूनच ठेवते.