आबांची थकीत मेडलं आणि रेकॉर्ड दुरुस्ती : ५ पैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा खरंतर एका दुकानाचा रिव्ह्यू लिहायला घेतला होता. कॅन्टोन्मेंटमध्ये मेडल माउंटिंगचं, म्हणजे मेडलं रिबिनींसकट एका पट्टीवर (बारवर) बसवून देणारं, एक छोटंसं दुकान आहे, त्याला पाच स्टार द्यायचे आणि विषय संपवायचा असं ठरवलेलं. पण त्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोचायला आम्हाला साडेतीन वर्षं लागली, मग म्हटलं वाटेतल्या सगळ्याच खिडक्यांचे स्टार लिहून टाकू, कुणाच्या तरी वडलांच्या नाहीतर आजोबांच्या कामी येतील. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पलटण सांगितली की रेकॉर्ड ऑफिस (जवानांचे नोकरीचे कागद सांभाळणारं फौजेचं ऑफिस) कुठलं ते कुठलाही फौजी डोळे झाकून सांगतो, आणि मला तिथल्या कुणा बाबूला बदनाम करायचं नाही. जिल्ह्याचंही नाव नको.

तर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, १९६६ ला भरती झाले आणि १९८१ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. ७१ च्या लढाईत ते पूर्वेकडं होते, आगरतळ्याच्या बाजूनं जी फौज आत गेली त्यात. घरात याबद्दल फारसं कधी बोलले नाहीत, बोललेच तर नद्यांबद्दल. कृष्णेला पूर आला की लोक पुलावर बघायला जायचे तेव्हा हे म्हणायचे, "ह्याला काय बघायचं, मेघना बघा जाऊन."

डिसेंबर २०२१ मध्ये लढाईला ५० वर्षं झाली म्हणून तालुक्याला सत्कार होता. शाल, श्रीफळ, भाषणं. स्टेजवर बाकीच्यांच्या ब्लेझरवर मेडलांची रांग, उठता बसता किणकिण आवाज, आणि आमच्या आबांचा ब्लेझर कोरा. सूत्रसंचालन करणारा पोरगा माइकवरच म्हणाला, "काय आबा, मेडलं घरी विसरलात का?" आबा म्हणाले, "व्हय." घरी आल्यावर मी विचारलं तर कळलं की विसरायला ती मिळालीच नव्हती. "पत्र येईल म्हणाले होते सुटताना." सुटताना म्हणजे १९८१ ला! चाळीस वर्षं हा माणूस पत्राची वाट बघत होता आणि आम्हाला पत्ता नाही.

त्या रात्री पत्र्याची ट्रंक उघडली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, निघालं. मी बँकेत काम करते, नावं आणि तारखा जुळवण्यात आयुष्य चाललंय, त्यामुळे दहा मिनिटांत तीन घोळ सापडले. एक, मेडलांच्या रकान्यात शाईनं 'पश्चिमी स्टार' लिहिलेलं. माणूस होता पूर्वेला, स्टार पश्चिमेचा. दोन, माझ्या आईचं नाव 'सेवंती बाई', आधारवर मात्र सुनंदा. तीन, डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून १९४७ आहे (हो, १ जूनच, त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय, मास्तरांची कृपा), पण पेन्शनच्या कॉम्प्युटरात १९४९. कुणीतरी ७ चा ९ वाचला असणार.

आता यात हक्काचं काय होतं ते आधी सांगते, कारण बऱ्याच घरांत हेच माहीत नसतं. ७१ च्या लढाईच्या काळात ठरवून दिलेल्या सीमेकडच्या राज्यांत जे नोकरीत होते त्यांना संग्राम मेडल. प्रत्यक्ष त्या त्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ ला जे वर्दीत होते त्यांना स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं मेडल. त्याशिवाय खडतर भागातल्या नोकरीचं सैन्य सेवा मेडल आणि ९ वर्षं चांगली नोकरी केल्याचं लाँग सर्व्हिस मेडल. म्हणजे आबांची झाली पाच. शौर्य पदकं वेगळी, ती नाहीत आमच्याकडं, आबाच सांगतात, "आमी काय शूरबीर न्हाई, सांगितलं तिथं चालत गेलो."

पहिली खिडकी एजंटाची. गावोगाव फिरतात हे, 'मेडल मिळवून देतो, एरिअर्स काढून देतो'. आमच्याकडं पाच हजार मागितले आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक मागितलं. हक्काचं मेडल पहिल्यांदा मिळताना दमडी लागत नाही, आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक तर सख्ख्या भावालाही द्यायचं नाही. शून्य स्टार देता येत नाही म्हणून एक.

दुसरी खिडकी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. चार स्टार, आणि ते चारही तिथल्या एका क्लार्ककाकांचे. स्वतः माजी सैनिक. माझा तीन पानी अर्ज वाचला, त्यात मी तिन्ही घोळ, चाळीस वर्षांची हकिगत, सत्कारातला अपमान, सगळं लिहिलेलं. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, पत्र छान आहे, पण हे तीन टेबलांवर फिरंल आणि चौथ्यावर झोपंल." एका अर्जात एकच मागणी, वर नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, खाली एका वाक्यात काय पाहिजे ते, सोबत अटेस्टेड झेरॉक्स. त्यांनी तीन वेगळे अर्ज बनवून दिले, सही शिक्का मारून कव्हरिंग लेटर जोडलं आणि आबांना चहा पाजला. एक स्टार कापला तो इमारतीचा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, आणि तिथं येणाऱ्यांत निम्म्यांचे गुडघे गेलेले.

तिसरी खिडकी म्हणजे ते रेकॉर्ड ऑफिस. दोन स्टार, ते पण शेवटी काम झालं म्हणून. स्पीड पोस्ट गेलं, पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं आणि मग पाच महिने चिडीचूप. फोन लावला की एक्स्टेन्शन बदलायचे, तिकडून दुसरीकडं, तिकडून 'साहब छुट्टी पर हैं'. पाच महिन्यांनी चार ओळींचं पत्र आलं की रेकॉर्डप्रमाणे तुम्हाला पश्चिमी स्टार मंजूर आहे, पूर्वी स्टारचा प्रश्नच येत नाही. बरं मंजूर आहे तर तो तरी पाठवा की, तोही नाही! आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे मी तिकडं गेलोच न्हवतो." आणि उठून गोठ्याकडं गेले. त्यानंतर आठ महिने त्यांनी हा विषय काढू दिला नाही, मला म्हणाले र्‍हाऊ दे, आता काय छातीवर लावून शेतात जायचंय का. त्याच आठ महिन्यांत त्यांच्या पलटणीतले दोघं साथीदार गेले, त्यातले एक तर साक्ष द्यायला तयार होते.

मग क्लार्ककाकांनीच सुचवलं, "भांडू नका, आरटीआय टाका." आणि इथं माझे पाचच्या पाच स्टार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि एक पान कागद. 'का दिलं नाही' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. कागद मागायचा. मी मागितलं आबांच्या शीट रोलची (जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदींचा कागद) झेरॉक्स आणि डिसेंबर १९७१ च्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरींची झेरॉक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पलटणीत जवानाच्या बाबतीत काहीही घडलं, बदली, लग्न, पोरगं, फील्ड एरियात गेला, परत आला, की त्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्यावरून त्याच्या शीट रोलवर नोंद चढते. डिस्चार्ज बुक ही त्यावरून शेवटी उतरवलेली नक्कल. म्हणजे आम्ही दीड वर्ष नकलेवरून भांडत होतो आणि असल त्यांच्याच कपाटात!

कायद्यात ३० दिवस दिलेत, आमचं उत्तर २७ व्या दिवशी आलं. त्याच ऑफिसातून. जे अर्जावर पाच महिने घेतात ते आरटीआयवर २७ दिवसांत देतात, यातून ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं. पुसट झेरॉक्स, टाइपरायटरची अक्षरं, e च्या पोटात शाई भरलेली. पण त्यात आबांचा नंबर होता, तारीख होती आणि पूर्व आघाडीची नोंद होती. म्हणजे असल बरोबर, नक्कल चूक. ही झेरॉक्स जोडून तोच अर्ज परत टाकला, एकच वाक्य लिहिलं, 'आपल्याच कार्यालयाने दिलेल्या सोबतच्या प्रतीनुसार दुरुस्ती व्हावी'. दीड महिन्यात दुरुस्तीचं पत्र! जन्मतारखेचंही तसंच झालं, शीट रोलवर १९४७ स्वच्छ दिसत होतं. ही तारीख महत्त्वाची का, तर वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३० टक्के. आबांची ८० जून २०२७ ला भरतात, कॉम्प्युटरच्या हिशोबानं २०२९ ला भरली असती. एका आकड्यापायी दोन वर्षं.

आईचं नाव मात्र सगळ्यात चिवट निघालं. माहेरचं नाव शेवंता, लग्नात सासरी बदलून सुनंदा ठेवलं, आपल्याकडची रीतच ती. आबांनी पलटणीला लग्न कळवताना सरपंचाचा दाखला जोडला त्यावर शेवंता, तिथल्या हिंदीवाल्या क्लार्कनं ते केलं सेवंती आणि आदरानं लावलेलं बाई पण नावातच टाकलं. आधारवर सुनंदा. उद्या आबांच्या मागं फॅमिली पेन्शनची वेळ आली की बँकेत समोर बसलेला माणूस म्हणणार ही बाई कोण. मी रोज बघते हो, पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन एका अक्षरासाठी हेलपाटे घालतात. माणूस हयात असताना दुरुस्ती करा, त्याच्या एका सहीनं जे होतं ते नंतर दहा दाखल्यांनी होत नाही. आमच्याकडून प्रतिज्ञापत्र घेतलं, दोघांचा जॉइंट फोटो, आधार, आणि पेपरात जाहिरात, 'शेवंता, सेवंती बाई आणि सुनंदा ही एकच व्यक्ती असून...'. जाहिरात छापून आली त्या दिवशी सकाळी सातला मामाचा फोन, "ताई, कोर्टात काय लफडं झालंय का?" आई दिवसभर चिडलेली. "नाव बदललं तवा मला कुणी इचारलं न्हवतं, आन आता मलाच पुरावा मागत्यात." या खिडकीला अडीच स्टार.

आणि एक दिवस पोस्टमन पार्सल घेऊन आला. चार मेडलं, प्रत्येक छोट्या डबीत. पूर्वी स्टार, संग्राम, सैन्य सेवा आणि ९ वर्षांचं. २५ वर्षांच्या मेडलाबद्दल चिठ्ठी होती की सध्या स्टॉकमध्ये नाही, आल्यावर पाठवू. हे काही नवल नाही, मेडलांचा तुटवडा फौजेत जुनाच आहे, नोकरीतली पोरंसुद्धा मंजूर झालेलं मेडल बाजारातून डुप्लिकेट घेऊन परेडला लावतात. आबांनी संग्राम मेडल हातात घेतलं, बोटानं कडेवरून फिरवलं, कडेला बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं होतं. त्यांना दिसेना. मला म्हणाले, "तू बघ, मी सांगतो." आणि डोळे मिटून नंबर म्हणायला लागले, परेडवर म्हणतात तसा एकेक आकडा तोडून. मी भिंगातून कड फिरवत एकेक आकडा जुळवत गेले. सगळे बरोबर होते. आडनावसुद्धा.

आता ते दुकान. मंगळवारी बंद असतं, आम्ही मंगळवारीच गेलो होतो पहिल्यांदा, तर तुम्ही जाऊ नका. रुंदी आपल्या पानटपरीएवढी. काचेखाली रंगीबेरंगी रिबिनींचे रोल, भिंतीवर बॅज, कॅपवरची चिन्हं, शिट्टीच्या दोऱ्या. मालकांनी मेडलं मखमलीवर ओतली नाहीत, एकेक उचलून ठेवली. मी आपली ९ वर्षांचं मेडल पहिलं लावलं, दिसायला छान म्हणून. त्यांनी न बोलता उचलून शेवटी ठेवलं. "ताई, याचा क्रम असतो. स्टार पहिला, मग संग्राम, मग सैन्य सेवा, मग २५ साल, आणि लाँग सर्व्हिस सगळ्यात मागं." मग कड बघितली, नंबर बघितला आणि आबांना विचारलं, "ओरिजिनल? एवढ्या वर्षांनी?" आबा नुसते हसले. बार, नवीन रिबिनी, मागची पिन सगळं मिळून ६०० रुपये घेतले आणि तासाभरात दिलं. शिलाई मागून पण बघितली मी, एक दोरा लोंबत नव्हता.

नसलेल्या मेडलाचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. ते म्हणाले डुप्लिकेट लावून देतो, कुणाला कळत नाही, सगळे लावतात. आबा म्हणाले नको. मग त्या माणसानं काय केलं, बार पाच मेडलांचाच बनवला, चौथ्या जागी नुसती रिबिन शिवली आणि खाली हुक मोकळा ठेवला. मेडल आलं की घेऊन या, अडकवायचे पैसे नाहीत म्हणाले. दिसायला जरा विचित्र दिसतं, मधलाच दात पडल्यासारखं. माझा नवरा म्हणाला लावून घ्यायचं होतं डुप्लिकेट. पण आबांना तो बार फार आवडलाय.

१५ ऑगस्टला शाळेत झेंड्याला गेले तेव्हा लावून गेले. हेडमास्तरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आबा, एक मेडल वाटंत पडलं वाटतं."

आबा म्हणाले, "पडलं न्हाई. यायचंय."